रक्स्टन हत्या प्रकरण

रक्स्टन हत्या प्रकरण हे इंग्लंडमधील लँकेस्टर शहरात सप्टेंबर १९३५ मध्ये घडलेल्या दुहेरी खुनाचे प्रकरण आहे. मूळचा मुंबईचा पारशी डॉक्टर बक रक्स्टन याने आपली सहचारिणी इझाबेला आणि घरात मुलांना सांभाळणारी तरुणी मेरी जेन रॉजर्सन या दोघींचा खून केला, त्यांच्या देहांचे तुकडे केले आणि ते स्कॉटलंडमधील मॉफॅट गावाजवळच्या एका ओढ्यात टाकून दिले. दोन देहांचे मिसळलेले अवशेष वेगळे करून ते पुन्हा जुळवावे लागल्यामुळे तत्कालीन वृत्तपत्रांनी या खुनांना 'जिगसॉ मर्डर्स' असे नाव दिले.

ओळखीच्या सर्व खुणा जाणूनबुजून नष्ट केलेल्या मृतदेहांची ओळख शरीररचनाशास्त्र, दंतवैद्यक, कीटकशास्त्र, बोटांचे ठसे आणि छायाचित्रण यांच्या एकत्रित आधाराने पटवल्याचे हे ब्रिटनमधील आरंभीचे मोठे उदाहरण मानले जाते. त्याच वेळी हे नेहमीच्या पोलीस तपासाचेही प्रकरण आहे. संशयित पोलिसांना सापडला तो वर्तमानपत्राचा एक भिजलेला कागद, ठिगळ लावलेला ब्लाउज आणि एका सायकलस्वाराची तक्रार यांमुळे.

पार्श्वभूमी

बक रक्स्टनचे मूळ नाव बख्त्यार चोम्पा रुस्तमजी रतनजी हकीम असे होते. त्याचा जन्म २१ मार्च १८९९ रोजी मुंबईत झाला. मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर त्याने भारतीय वैद्यकीय सेवेत काम केले आणि त्या काळात तो बगदाद व बसरा येथे होता. १९२५ मध्ये मुंबईत त्याचा एका पारशी स्त्रीशी विवाह झाला, परंतु पुढच्याच वर्षी तो एकटाच ब्रिटनला गेला. लंडनमध्ये काही काळ घालवून तो एडिनबर्गला आला. तेथील शल्यचिकित्सकांच्या महाविद्यालयाची फेलोशिप मिळवण्याचा त्याचा प्रयत्न यशस्वी झाला नाही. मात्र मुंबईच्या पदवीच्या आधारावर ब्रिटनमध्ये व्यवसाय करण्याची मुभा त्याला होती. पुढे त्याने कायदेशीररीत्या बक रक्स्टन हे नाव धारण केले.

एडिनबर्गमध्ये त्याची ओळख एका उपाहारगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या इझाबेला केर हिच्याशी झाली. तिचा पूर्वी एका डच गृहस्थाशी विवाह झाला होता. या दोघांचे लग्न कधीच झाले नाही, तरी ती श्रीमती रक्स्टन म्हणूनच ओळखली जात असे. १९३० मध्ये ते लँकेस्टर येथे स्थायिक झाले आणि २, डाल्टन स्क्वेअर या घरात रक्स्टनने दवाखाना थाटला. त्यांना तीन मुले झाली.

डॉक्टर म्हणून रक्स्टन लोकप्रिय होता. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवा १९४८ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी गरीब रुग्णाला डॉक्टरची फी ही मोठीच अडचण असे, आणि रक्स्टन अनेकांची फी माफ करी. घरातले चित्र मात्र वेगळे होते. इझाबेलावर तो सतत संशय घेई, तिला मारहाण करी, जिवे मारण्याच्या धमक्या देई. भांडणे पोलिसांपर्यंत गेली होती आणि ती एकदोनदा घर सोडूनही गेली होती. सप्टेंबर १९३५ च्या सुरुवातीला ती परिचित कुटुंबाबरोबर एडिनबर्गला गेली असता, त्या कुटुंबातील तरुणाशी तिचे संबंध असल्याची रक्स्टनची खात्री झाली. या संशयाला कोणताही आधार आढळला नाही.

१४ ते १९ सप्टेंबर १९३५

शनिवार, १४ सप्टेंबर रोजी इझाबेला आपल्या बहिणींना भेटण्यासाठी आणि समुद्रकिनाऱ्यावरील प्रसिद्ध दीपोत्सव पाहण्यासाठी गाडीने ब्लॅकपूलला गेली. रात्री साडेअकराच्या सुमारास ती परत निघाली. त्यानंतर रक्स्टनशिवाय कोणीही तिला जिवंत पाहिले नाही. गाडी दुसऱ्या दिवशी लँकेस्टरमध्येच होती, म्हणजे ती घरी पोहोचली होती. वीस वर्षांची मेरी त्या रात्री मुलांसह घरीच होती.

रविवारी सकाळी रक्स्टनने घरकामाच्या बाईला 'आज येऊ नका' असा निरोप दिला. मुलांना त्याने मोरकॅम्बमधील एका स्नेह्याकडे नेऊन सोडले. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर खोल जखम होती आणि डब्यातील पीच फळे उघडताना ती झाल्याचे तो सांगत होता. दुपारी त्याने एका रुग्ण स्त्रीला घर आवरण्यासाठी बोलावले. जिन्यावरचे गालिचे काढलेले होते, न्हाणीघरातील टबवर पिवळट डाग होते आणि दोन खोल्यांना कुलूप होते. जखमेच्या रक्ताने खराब झाल्याचे सांगून त्याने तिला गालिचे आणि एक सूट देऊन टाकला. गालिच्यावर पाणी ओतताच ते लाल होऊन वाहू लागले, अशी साक्ष तिने पुढे दिली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर तिच्या घरी येऊन सूट परत मागू लागला आणि त्यावरील नावाची पट्टी कापून जाळण्याचा आग्रह त्याने धरला. पुढच्या काही रात्री घरामागच्या अंगणात जाळ दिसल्याचे शेजाऱ्यांनी सांगितले.

मंगळवारी, १७ सप्टेंबर रोजी, लँकेस्टरच्या उत्तरेकडील केंडल गावात एका भाड्याच्या गाडीची धडक एका सायकलस्वाराला बसली. गाडी न थांबता निघून गेली, पण सायकलस्वाराने तिचा क्रमांक टिपून पोलिसांना दिला. काही वेळाने मिल्नथॉर्प येथे पोलीस शिपायाने गाडी अडवली. चालक डॉ. रक्स्टन होता. किरकोळ अपघात म्हणून नोंद झाली आणि त्याला जाऊ देण्यात आले. केंडलवरून जाणारा रस्ता पुढे स्कॉटलंडला जातो, याला त्या दिवशी कोणाच्याही लेखी महत्त्व नव्हते.

अवशेषांचा शोध

२९ सप्टेंबर रोजी मॉफॅट येथे सुट्टीसाठी आलेल्या एका तरुणीला एडिनबर्ग रस्त्यावरील पुलावरून खाली पाहताना गार्डनहोम लिन या ओढ्याच्या काठी एक गाठोडे दिसले. त्यातून मानवी हात बाहेर आला होता. लँकेस्टरपासून हे ठिकाण रस्त्याने सुमारे १७० किलोमीटर अंतरावर आहे. डमफ्रिसशायर पोलिसांना तेथे चादरी, उशीचे अभ्रे, कपडे आणि वर्तमानपत्रांत गुंडाळलेली गाठोडी मिळाली. त्यांत दोन शिरे, एक धड आणि हातापायांचे भाग होते. पुढील आठवड्यांत ओढा, ॲनन नदी आणि रस्त्याकडेची झुडपे धुंडाळल्यावर तुकड्यांची संख्या ७० च्या आसपास गेली. दुसरे धड कधीच मिळाले नाही.

अवशेषांची अवस्था पाहता हे अनुभवी हाताचे काम होते. सांधे करवतीने कापलेले नसून सुरीने नेमक्या जागी सोडवलेले होते. चेहऱ्यांवरील त्वचा, डोळे, कान, नाक आणि ओठ काढून टाकले होते. अनेक दात उपटलेले होते. एका देहाच्या बोटांची टोकेही कापलेली होती.

पोलिसांचा प्रारंभिक अंदाज एक पुरुष आणि एक स्त्री असा होता आणि तो वृत्तपत्रांत छापून आला. ती बातमी रक्स्टनने आपल्या कामवाल्या बाईला आवर्जून दाखवली. सापडलेले देह पुरुषाचे आणि स्त्रीचे आहेत, आपल्या घरातल्या दोघींचे नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. त्या वेळी लँकेस्टरमध्ये कोणीही त्याच्याकडे मॉफॅटचा विषय काढलेला नव्हता.

पोलीस तपास

गाठोड्यांतील कागदांमध्ये १५ सप्टेंबर १९३५ च्या 'संडे ग्राफिक' या साप्ताहिक वृत्तपत्राची पाने होती. त्या तारखेपूर्वी गाठोडे बांधले गेलेले नसणार, हे उघड झाले. वरची मर्यादा ओढ्याने दिली. १८-१९ सप्टेंबरच्या सुमारास तेथे मुसळधार पावसाने पाणी चढले होते आणि काही तुकडे काठावर उंच जागी अडकलेले होते, म्हणजे ते पुराआधीच टाकलेले होते. अशा रीतीने कोणत्याही प्रयोगशाळेविना काळ चार-पाच दिवसांवर आला.

त्याच कागदाने स्थळही सांगितले. फाटलेल्या पानावर मोरकॅम्ब येथील उत्सवात 'कार्निव्हल क्वीन'ला मुकुट घातल्याची बातमी होती. वृत्तपत्राच्या कार्यालयात चौकशी केली असता असे समजले की, ही बातमी देशभर वाटल्या गेलेल्या अंकात नव्हती. ती एका खास स्थानिक आवृत्तीत होती आणि त्या आवृत्तीचे मोजके अंक फक्त मोरकॅम्ब-लँकेस्टर परिसरात विकले गेले होते. रक्स्टनच्या घरी त्या रविवारी हेच वृत्तपत्र टाकल्याचे पुढे विक्रेत्याकडून निष्पन्न झाले.

याच दरम्यान मेरीच्या आईवडिलांनी ती बेपत्ता असल्याची तक्रार केली होती. रक्स्टनने त्यांना मेरी गरोदर असून इझाबेला तिला घेऊन बाहेरगावी गेल्याचे सांगितले होते. इतरांना त्याने वेगळ्याच कथा ऐकवल्या. लँकेस्टरच्या डॉक्टरकडील तरुणी बेपत्ता असल्याची बातमी ९ ऑक्टोबरच्या सुमारास एका स्कॉटिश दैनिकात आली आणि ती डमफ्रिसशायरच्या पोलीसप्रमुखांच्या नजरेस पडली. दोन देशांतील दोन स्वतंत्र तपास येथे एकत्र आले.

स्कॉटिश पोलीस गाठोड्यातले कपडे घेऊन मोरकॅम्बला गेले. त्यांतील एका ब्लाउजच्या काखेखाली ठिगळ होते. मेरीच्या सावत्र आईने ते पाहताच ओळखले, कारण ते तिने स्वतः लावून मेरीला दिले होते. लहान मुलाचा एक एकसंध पोशाख मात्र तिला ओळखता आला नाही. रक्स्टनची मुले उन्हाळ्यात ग्रेंज-ओव्हर-सँड्स भागात जिच्याकडे राहिली होती, त्या बाईंना विचारून पाहा, असे तिने सुचवले. त्या बाईंनी तो पोशाख स्वतः मुलांसाठी दिला होता आणि कमरेच्या इलॅस्टिकला मारलेल्या गाठीवरून त्यांनी तो ओळखला.

रक्स्टन या काळात स्वतःहून पोलीस ठाण्यात येत होता. आपल्याविषयीच्या अफवांमुळे व्यवसाय बुडत असल्याची तक्रार तो लँकेस्टरचे पोलीसप्रमुख कॅप्टन हेन्री व्हॅन यांच्याकडे करी आणि मॉफॅटचे अवशेष आपल्या घरातील स्त्रियांचे नसल्याचे जाहीर करावे, अशी मागणी करी. १२ ऑक्टोबरच्या रात्री त्याला ठाण्यात बोलावून घेण्यात आले. त्या पंधरवड्यातील आपल्या हालचालींचे एक टिपण त्याने तयार ठेवले होते. रात्रभर चाललेल्या चौकशीनंतर १३ ऑक्टोबरच्या सकाळी त्याच्यावर मेरीच्या खुनाचा आरोप ठेवण्यात आला. इझाबेलाच्या खुनाचा आरोप ५ नोव्हेंबरला जोडला गेला.

अवशेषांची ओळख

अटक झाली तेव्हा शास्त्रज्ञांचे काम पूर्ण झालेले नव्हते. आरोपीने दोघी जिवंत असल्याचा दावा केला होता, त्यामुळे ओढ्यातील अवशेष त्यांचेच आहेत हे सिद्ध झाल्याशिवाय खटला उभा राहणे शक्य नव्हते. ही जबाबदारी ग्लासगो विद्यापीठातील न्यायवैद्यकाचे प्राध्यापक जॉन ग्लेस्टर (धाकटे) आणि एडिनबर्ग विद्यापीठातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक जेम्स कूपर ब्रॅश यांच्यावर आली. एडिनबर्गचे न्यायवैद्यकाचे प्राध्यापक सिडनी स्मिथ, विकृतिशास्त्रज्ञ गिल्बर्ट मिलर आणि दंततज्ज्ञ आर्थर हचिन्सन यांचाही त्यात सहभाग होता.

जुळवणी. एडिनबर्गच्या शरीररचना विभागात फॉर्मॅलिनमध्ये जतन केलेले तुकडे आधी वेगळे करण्यात आले. दंड, मांड्या, पोटऱ्या यांच्या जोड्या लावून पाहिल्या असता दोन वेगळ्या मापांचे संच तयार झाले. एकमेव धड कोणत्या शिराचे, हे मानेच्या मणक्यांच्या जुळणीवरून ठरवता आले. क्ष-किरण चित्रांनी हाडांच्या सांध्यांची जुळणी पडताळली गेली. बुटका तो 'देह क्रमांक १' आणि उंच तो 'देह क्रमांक २' असे नामकरण झाले. दोन्ही देह स्त्रियांचे होते.

वय. देह क्रमांक १ च्या अक्कलदाढा आलेल्या नव्हत्या आणि लांब हाडांची टोके मुख्य हाडाशी पूर्ण सांधलेली नव्हती. त्यावरून वय वीस-एकवीसच्या आसपास असावे, असे अनुमान निघाले. देह क्रमांक २ च्या कवटीचे सांधे बरेचसे बुजलेले होते, त्यामुळे ते वय ३५ ते ४५ च्या दरम्यान ठरले. मेरी २० वर्षांची होती आणि इझाबेला ३४ वर्षांची. दुसरा अंदाज थोडा वर गेला, परंतु दोघींमधील फरक नि:संशय स्पष्ट झाला.

नाहीशा केलेल्या खुणा. या तपासातील सर्वांत बोलका भाग हाच होता. मेरीच्या एका डोळ्यात तिरळेपणा होता, आणि देह क्रमांक १ चे डोळे काढलेले होते. तिच्या हातावर जन्मखूण होती, आणि त्या जागेची त्वचा सोललेली होती. इझाबेलाचे नाक ठळक होते, घोटे जाड होते आणि डाव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेले होते. देह क्रमांक २ चे नाक कापलेले होते, पायांचे मांस काढलेले होते आणि नेमक्या त्याच अंगठ्याजवळचा भाग छाटलेला होता. अनोळखी देहाची ओळख लपवणारा माणूस सरसकट विद्रूप करतो. येथे मात्र प्रत्येक देहावर वेगळ्या जागा निवडल्या होत्या, आणि त्या दोघींच्या अंगावरील खुणांच्या यादीशी जुळत होत्या. त्या खुणा ठाऊक असणारा आणि न्यायवैद्यकात कशाला महत्त्व असते हे शिकलेला, असा माणूस शोधायचा होता.

पावले आणि कवट्या. प्रत्येक देहाच्या डाव्या पावलाचा लवचीक साचा तयार करून तो दोघींच्या बुटांत घालून पाहण्यात आला. क्रमांक १ चे पाऊल मेरीच्या बुटात नीट बसले, क्रमांक २ चे इझाबेलाच्या. उलट अदलाबदल केल्यास ती जुळेनात. ब्रॅश यांनी याहून धाडसी प्रयोग कवट्यांवर केला. इझाबेलाचे मुकुटासारखा दागिना घातलेले एक औपचारिक छायाचित्र उपलब्ध होते. तो दागिना आणि पोशाख प्रत्यक्ष मोजून छायाचित्र मूळ आकारात वाढवण्यात आले. मग कवटी त्याच कोनात ठेवून तिचे छायाचित्र घेतले आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर ठेवून पाहिल्या. देह क्रमांक २ ची कवटी इझाबेलाच्या चेहऱ्यात बसली, मेरीच्या बसली नाही. देह क्रमांक १ च्या कवटीबाबत याच्या उलट घडले. या पद्धतीला छायाचित्र-अध्यारोपण म्हणतात. ती 'ही कवटी याच व्यक्तीची आहे' असे निर्णायकपणे सांगत नाही, 'ही कवटी या व्यक्तीची असू शकते की नाही' एवढेच सांगते.

बोटांचे ठसे. देह क्रमांक २ ची बोटे निकामी केलेली असली तरी क्रमांक १ ची शाबूत होती. ग्लासगो पोलिसांतील ठसेतज्ज्ञ बर्टी हॅमंड यांनी लँकेस्टरच्या घरात दिवसचे दिवस काढून भांड्यांवरील आणि वस्तूंवरील ठसे गोळा केले. पाण्यात राहिल्याने मृत हाताची वरची त्वचा सुटली होती. तिच्याखालच्या थरावरही तीच रेषारचना अंधुक स्वरूपात असते, हे ध्यानात घेऊन त्यांनी त्या थराचे ठसे घेतले. ते मेरी ज्या वस्तू हाताळत असे त्यांवरील ठशांशी जुळले.

अळ्या. अवशेषांवरील माश्यांच्या अळ्या ग्लासगो येथील अलेक्झांडर मर्न्स यांच्याकडे पाठवण्यात आल्या. निळी माशी मृतदेहावर लवकरच अंडी घालते. अंड्यातून निघालेली अळी ठरावीक टप्प्यांतून वाढते आणि वाढीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. अळ्यांचे वय सुमारे १२ ते १४ दिवस असल्याचे मर्न्स यांनी सांगितले. मृत्यूचा काळ ठरवण्यासाठी ब्रिटनमध्ये कीटकशास्त्राचा वापर झाल्याचे हे आरंभीचे उदाहरण आहे. या पुराव्याने नवी तारीख दिली नाही. वर्तमानपत्र आणि पूर यांनी आधीच आखलेल्या काळाला त्याने दुजोरा दिला.

घर आणि चादर. डाल्टन स्क्वेअरच्या घरातील जिना आणि न्हाणीघर यांवर रक्ताचे डाग मिळाले. न्हाणीघराचे भाग सुटे करून तपासणीसाठी ग्लासगोला नेण्यात आले. अवशेष गुंडाळलेल्या चादरीची तुलना इझाबेलाच्या पलंगावर उरलेल्या एकट्या चादरीशी केली गेली. दोन्हींच्या काठाच्या ताण्यात एकच विणकामातील दोष होता. एकाच मागावर, एकाच सुमारास ती विणली गेली असल्याचे मँचेस्टरच्या वस्त्रतज्ज्ञाने सांगितले. कापडगिरण्यांच्या त्या शहरातील ज्युरींना हा पुरावा समजावून सांगण्याची फारशी गरज पडली नसावी.

मृत्यूच्या कारणाबाबत निष्कर्ष मर्यादित राहिले. देह क्रमांक २ च्या छातीवर सुरीच्या पाच जखमा होत्या आणि कंठास्थी मोडलेली होती. गळा दाबला गेल्याची लक्षणे त्यावरून मानण्यात आली. देह क्रमांक १ च्या कवटीला अस्थिभंग होते, परंतु धड नसल्याने मेरीच्या मृत्यूचे नेमके कारण सांगता आले नाही.

खटला

अवशेष स्कॉटलंडमध्ये मिळाले असले तरी खून इंग्लंडमध्ये झाल्याचे दिसत असल्याने खटला मँचेस्टरच्या असाइझ न्यायालयात चालला. २ मार्च १९३६ रोजी न्यायमूर्ती सिंगलटन यांच्यासमोर सुनावणी सुरू झाली. सुनावणी केवळ इझाबेलाच्या खुनाच्या आरोपावर झाली. सरकारतर्फे जे. सी. जॅक्सन यांच्याबरोबर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ आणि हार्टली शॉक्रॉस हे वकील होते. दहा वर्षांनी न्यूरेंबर्ग येथील युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात ब्रिटनची बाजू मांडणारे हेच दोघे. बचावासाठी त्या काळातील अत्यंत नामांकित वकील नॉर्मन बर्केट उभे राहिले.

बर्केट यांचा भर अवशेषांची ओळख संशयास्पद ठरवण्यावर होता. अध्यारोपित छायाचित्रे हा तयार केलेला पुरावा आहे आणि त्यात चूक होऊ शकते, असा आक्षेप त्यांनी घेतला, तरी ती न्यायालयापुढे आली. बचाव पक्षाचा एकमेव साक्षीदार स्वतः रक्स्टन होता. साक्ष देताना तो अनेकदा रडला, भडकला आणि उलटतपासणीत विसंगत बोलला. १७ सप्टेंबरला आपण लँकेस्टरपासून फार दूर गेलो नव्हतो असे दाखवणे, केंडलच्या पोलीस नोंदीमुळे त्याला जड गेले.

१३ मार्च रोजी ज्युरींनी सुमारे तासाभराच्या विचारविनिमयानंतर त्याला दोषी ठरवले आणि त्याला मृत्युदंडाची शिक्षा सुनावण्यात आली. एप्रिलमध्ये अपील फेटाळले गेले. त्याला दया दाखवावी या मागणीच्या अर्जावर दहा हजारांहून अधिक लोकांनी सह्या केल्या होत्या, त्यांत त्याचे अनेक जुने रुग्ण होते. १२ मे १९३६ रोजी मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज तुरुंगात त्याला फाशी देण्यात आली. पुढच्या रविवारी 'न्यूज ऑफ द वर्ल्ड'ने त्याचा कबुलीजबाब छापला. त्यावर १४ ऑक्टोबर १९३५, म्हणजे अटकेच्या दुसऱ्या दिवसाची तारीख होती. रागाच्या भरात इझाबेलाला मारले, आणि मेरी त्या वेळी तेथे असल्याने तिलाही मारावे लागले, असे त्यात म्हटले होते. 'मारावे लागले' हे शब्द खुन्याचे आहेत. त्या तरुणीचा दोष एवढाच होता की तिने पाहिले. प्रकरणाला सर्वत्र डॉक्टरचे नाव मिळाल्यामुळे मेरीचा उल्लेख बहुतेक वर्णनांत एका वाक्यात आटोपला जातो. वस्तुतः पोलीस लँकेस्टरपर्यंत पोहोचले ते तिच्या आईवडिलांनी तिचा शोध सोडला नाही म्हणून.

शास्त्र आणि पोलीस तपास यांतील वाटा

लोकप्रिय लेखनात हे प्रकरण अनेकदा 'अळ्यांनी पकडून दिलेला खुनी' किंवा 'कवटीच्या छायाचित्राने सुटलेले कोडे' अशा स्वरूपात येते. घटनाक्रम त्याला पुष्टी देत नाही. ओढ्यात गाठोडे दिसल्यापासून अटकेपर्यंत केवळ दोन आठवडे गेले. त्या काळात रक्स्टनचे नाव पुढे आले ते वृत्तपत्राची आवृत्ती, बेपत्ता व्यक्तीची तक्रार आणि कपड्यांची ओळख यांवरून. कवटीचे अध्यारोपण, पावलांचे साचे आणि ठशांची जुळणी यांचे काम त्यानंतर महिनोन् महिने चालले. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ठिगळाचा ब्लाउज आणि रक्ताळलेला गालिचा यांच्यावर बर्केट यांच्यासारख्या वकिलापुढे सरकारी बाजू टिकणे कठीण होते, कारण कपडे चोरीला जाऊ शकतात आणि डॉक्टरच्या घरात रक्त सापडणे हे नवल नाही. ज्याचा देह मिळालेला नाही त्याच्या खुनाची शिक्षा देण्यास त्या काळचे न्यायालय सहसा तयार नसे.

रक्स्टनचे वैद्यकीय ज्ञान देहापुरते होते. त्वचा, दात, बोटे यांचा त्याने बारकाईने विचार केला. ते ज्यात गुंडाळले, त्या घरातल्या चादरी, मुलांचे कपडे आणि सकाळचे वर्तमानपत्र मात्र त्याने तसेच ठेवले.

वारसा

ग्लेस्टर आणि ब्रॅश यांनी १९३७ मध्ये या तपासावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. छायाचित्रे, मोजमापे आणि मर्यादांची स्पष्ट नोंद यांमुळे तो न्यायवैद्यकाच्या अभ्यासकांसाठी दीर्घकाळ आधारग्रंथ राहिला. कवटी आणि छायाचित्र यांच्या अध्यारोपणाची पद्धत पुढे भारतातही वापरली गेली. रामलोचन अहिर विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात तलावातून काढलेल्या सांगाड्याची ओळख पटवण्यासाठी असे छायाचित्र मांडण्यात आले. तत्कालीन भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ९ खाली ते ग्राह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. हा निकाल १९६३ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये आहे. डीएनए तपासणी रूढ झाल्यावर या पद्धतीचे स्थान पूरक पुराव्याचे झाले आहे.

खटला चालू असताना 'रेड सेल्स इन द सनसेट' या तेव्हाच्या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर रक्स्टनच्या गालिच्यांविषयीचे विडंबन ब्रिटनमधील मुले रस्त्यांवर म्हणत असत. मॉफॅटजवळच्या त्या ओढ्याला स्थानिक लोक 'रक्स्टन्स डंप' म्हणतात. डाल्टन स्क्वेअरमधील घर अनेक वर्षे रिकामे पडून होते. तेथून पुराव्यासाठी काढून नेलेला टब पुढे लँकेशायर पोलिसांच्या घोडेस्वार पथकात घोड्यांना पाणी पाजण्यासाठी वापरला जात असे.